आपत्तीकाळातील मदत आणि वितरणाचा प्रश्न



आपत्ती ओढवली की जनता हात आखडता घेत नाही. अडचण येते ती गोळा झालेली मदत गरजूंपर्यंत वेळेवर पोचविण्याची. ही अडचण मूलतः संघटनेची आहे.

या दृष्टीने केरळमधील ऑगस्ट २०१८ च्या महापुराचा अनुभव अभ्यासण्याजोगा आहे. कोची विमानतळ १५ ऑगस्टपासून दोन आठवडे बंद राहिला. रस्ते खचले, रेल्वेवाहतूक खंडित झाली. विहिरींत पुराचे पाणी शिरल्याने पिण्याच्या पाण्याचा दुष्काळ पडला. पुणे व रतलाम येथून रेल्वेच्या टाक्यांतून पाणी धाडावे लागले. पुराच्या ऐन भरात मदत-छावण्यांत १४ लाखांहून अधिक माणसे होती.

अशा बिकट घडीला कोल्लम व तिरुवनंतपुरमच्या मच्छीमारांनी आपल्या होड्या मालमोटारींवर चढवून चेंगन्नूरसारख्या जलमय भागांत नेल्या आणि हजारोंचे प्राण वाचविले. पूर ओसरल्यावर कुडुंबश्रीच्या स्त्रियांनी चिखलाने भरलेली घरे साफ केली. हे सामर्थ्य एका रात्रीत निर्माण झालेले नाही. १९९६ पासूनच्या लोकनियोजन मोहिमेने पंचायतींना निधी व अधिकार दिले होते. १९९८ पासून कुडुंबश्रीचे शेजारगट वाडी-वस्तीत काम करीत होते. कोणत्या घरात आजारी वृद्ध आहे, कोठे तान्हे मूल आहे, हे त्यांना आधीच ठाऊक होते.

याउलट, २००४ च्या त्सुनामीनंतर नागपट्टिणम परिसरात जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला कुजत पडले. पाठविणाऱ्यांचा हेतू शुद्ध होता. परंतु किनाऱ्यावरील कोळ्यांना काय हवे, हे कोणी विचारले नव्हते. नको असलेल्या मालाची एक गाडी औषधांच्या गाडीची वाट अडविते आणि ती रिकामी करण्यात राबणारे हात वाया जातात.

म्हणून शाखांनी प्रथम आपद्ग्रस्त भागातून गरजांची यादी मागवावी आणि मगच संकलन सुरू करावे. प्रत्येक गठ्ठ्यात एकाच प्रकारची वस्तू असावी व बाहेर तिचे नाव आणि संख्या स्थानिक भाषेत लिहावी. माल उतरवून घेणारी माणसे व गोदाम निश्चित झाल्याखेरीज गाडी हलवू नये. हिशेब छावणीतील लोकांसमोर वाचावा.

तथापि, स्वयंसेवा ही शासनाच्या जबाबदारीची जागा घेऊ शकत नाही. सरकारी धान्यगोदामे, शिधावाटप दुकाने, सार्वजनिक आरोग्यकेंद्रे आणि रेल्वे हाच मदतकार्याचा खरा कणा होय. सुखाच्या दिवसांत तो कमकुवत होऊ दिला, तर संकटाच्या दिवशी त्याचे मोल प्रथम गरिबाला चुकवावे लागते. सार्वजनिक वितरण व्यवस्थेच्या रक्षणाचा लढा हा या अर्थाने आपत्तीच्या पूर्वतयारीचाच लढा आहे.