ट्राम गेली, रस्ता कोणाकडे गेला?



हिंगोलीत ट्राम कधी धावली नाही. पूर्णा-अकोला मार्गाचे रुंदीकरण होऊन २००८ साली येथे ब्रॉडगेज गाडी आली, एवढेच येथील रुळांचे वैभव. तरीही या जिल्ह्यातून पोटासाठी मुंबई-पुण्यास गेलेला माणूस तेथे रोज कशाने कामावर जातो, हा प्रश्न आपलाही आहे.

मुंबईत ९ मे १८७४ रोजी घोड्यांची ट्राम सुरू झाली. कुलाबा ते पायधुणी भाडे तीन आणे. मजुराच्या खिशाला ते जडच. १९०७ साली वीज आली, १९२० साली दुमजली डबा आला आणि ट्राम हळूहळू कष्टकऱ्यांची झाली. कलकत्त्यात तर १९५३ साली इंग्रज कंपनीने दुसऱ्या वर्गाचे भाडे अवघ्या एका पैशाने वाढवताच शहर पेटून उठले! मुंबईची ट्राम १९४७ च्या ऑगस्टमध्ये महापालिकेच्या मालकीची झाली. आणि ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरकडे तिची शेवटची फेरी गेली. लोकांच्या मालकीचे झालेले वाहन सतरा वर्षांत मोडीत निघाले, ते वाहतुकीचा खोळंबा करते म्हणून.

आता युरोपातील आधुनिक 'लाइट रेल' पाहा. रूळ तेच, डोक्यावरची तारही तीच. डबे सांध्यांनी जोडलेले, लांब. तळ इतका खाली की वृद्धांना पायरी चढावी लागत नाही. परंतु हे सारे गौण होय. तिच्या रुळांवर बहुतेक ठिकाणी मोटारीला मज्जाव असतो आणि चौकातील दिवा तिच्यासाठी आधी हिरवा होतो, हा खरा फरक. जुनी ट्राम मोटारींच्या गर्दीत अडके आणि खोळंब्याचा दोष मात्र तिच्याच माथी येई. फ्रान्समधील नांत शहराने १९५८ साली ट्राम बंद केली आणि १९८५ साली रस्त्याचा हिस्सा राखून ती पुन्हा आणली.

आपल्याकडे केंद्र सरकारने २०१९ साली 'मेट्रोलाइट'चे निकष ठरवले. तरी शहरांचा ओढा खांबांवरील मेट्रोकडेच. याचे कारण उघड आहे. जमिनीवर रूळ टाकायचे तर मोटारवाल्याकडून रस्ता काढून घ्यावा लागतो. खांब उभारले की, खर्च कितीतरी वाढला तरी, त्याला फारसा धक्का लागत नाही. पुणे-नागपूरच्या मेट्रोत केंद्र व राज्य दोघांचाही पैसा आहे. कळमनुरीचा शेतमजूर काडेपेटी विकत घेतो, तेव्हा तिच्यावरील कर याच तिजोऱ्यांत जातो.