माशांची काचपेटी आणि सिलिकॉन

माशांची काचपेटी घरी किंवा शाळेत करता येते. पूर्वी लोखंडी चौकटीत पुटी भरून काचा बसवीत. आता काचेला काच सिलिकॉननेच जोडतात. पण दुकानात जाऊन नुसते ‘सिलिकॉन द्या’ म्हणू नका. न्हाणीघरासाठी मिळणाऱ्या सिलिकॉनमध्ये बहुधा बुरशी मारणारे औषध असते. ते पाण्यात उतरले, की मासे दगावतात. म्हणून नळीवरचा मजकूर वाचा. ‘बुरशीरोधक’ असे लिहिले असेल, तर ती परत करा. ‘मत्स्यालयासाठी’ असे स्पष्ट लिहिलेलीच घ्या.

कित्येक जण म्हणतात, ‘व्हिनेगरसारखा आंबूस वास आला म्हणजे माल चांगला.’ तसे नाही हं! तो वास अ‍ॅसेटिक आम्लाचा. बुरशीरोधक नळीलाही तो येऊ शकतो.

सिलिकॉन हवेतल्या ओलाव्याने घट्ट होते, तेही बाहेरून आत. वरून सुकलेला सांधा आत ओला असतो. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच पेटीत सुमारे ५६ किलो पाणी मावते. तेव्हा आठवडाभर थांबा. मग अंगणात पाणी भरून एक दिवस पाहा, ते ओतून टाका, आणि मगच मासे आणा.