आईचं आडनाव आणि शेजाऱ्यांच्या गोष्टी

(तळोजा येथे वस्त्यांमधील महिला गटांच्या एक दिवसाच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर.)



आजच्या शिबिराचा विषय 'परगावाहून आलेल्या बायका' असा आहे. सकाळपासून आपण भाडेकरार, रेशनकार्ड, कंत्राटदार आणि पाळणाघर यांवर बोललो. आता मी एका सिनेमावाल्या बाईंबद्दल बोलणार म्हटल्यावर काही जणींच्या चेहऱ्यावर 'आता हे काय मध्येच' असा प्रश्न दिसतोय. जेवणानंतर आपण सई परांजपे यांचा 'दिशा' हा सिनेमा लावणार आहोत. पण नुसता सिनेमा बघून घरी जाऊ नये, तो करणारी बाई कोण, ती कुठून आली, हेही आपण बोलावं, असं मला वाटलं. म्हणून हा विषय मी मागून घेतला.

आधी आपलं बघू. तळोज्यात मूळची माणसं म्हणजे पाचनंद आणि आसपासच्या गावांतली. त्यातल्या अनेकांच्या जमिनी सिडको आणि एमआयडीसीसाठी गेल्या. बाकी आपण सगळ्या बाहेरच्या. कुणी बीड-जालन्याकडून, कुणी उत्तर प्रदेशातून, बिहारमधून, कुणी मुंबईतलं घर परवडेना म्हणून. कारखान्यांत पॅकिंगला जाणाऱ्या, सोसायट्यांमध्ये धुणीभांडी करणाऱ्या, नाक्यावर कामासाठी उभ्या राहणाऱ्या. आपल्याला इथे सगळ्यात आधी काय विचारतात? 'गाव कोणतं?' आणि मग, 'मालकाचं नाव काय?' गाव आपण सांगतो. दुसऱ्या प्रश्नापाशी इथे बसलेल्या निदान दहा-बारा जणी अडतात, हे मला माहीत आहे. नवऱ्यानं टाकलेल्या आहेत, नवऱ्याला सोडून आलेल्या आहेत, काहींचा नवरा कुठे आहे हे त्यांनाही माहीत नाही.

सई परांजपे यांचा जन्म १९३८ सालचा, लखनौचा. आई शकुंतला परांजपे, वडील युरा स्लेप्टझॉफ नावाचे रशियन चित्रकार. सई अगदी लहान असताना आईवडिलांचा घटस्फोट झाला. आईनं मुलीला माहेरी, आपल्या वडिलांच्या घरी वाढवलं आणि मुलगी पुढे आयुष्यभर परांजपे हेच आडनाव लावत आली, म्हणजे आईचं. १९३८ साल लक्षात घ्या. हिंदू स्त्रीला कायद्यानं घटस्फोट मिळण्याची सोय देशभर झाली ती १९५५ साली. त्याच्या कितीतरी आधी एक बाई परदेशी माणसाशी लग्न करते, ते मोडतं, आणि ती मुलीला आपलं नाव देऊन उजळ माथ्यानं वाढवते.

आता तुम्ही म्हणाल, त्या मोठ्या घरच्या होत्या. होत्याच. आजोबा रँग्लर र. पु. परांजपे. केंब्रिजला गणितात पहिले आलेले, लखनौ विद्यापीठाचे कुलगुरू, पुढे १९४४ ते १९४७ ऑस्ट्रेलियात भारताचे हायकमिशनर. नातही त्या काळात ऑस्ट्रेलियात राहिली. आपल्यापैकी कुणाच्या पाठीशी असा बाप नाही. ज्या बाईला माहेरी एक खोलीसुद्धा मिळत नाही तिला शकुंतलाबाईंचं उदाहरण देऊन 'तू पण कर' म्हणणं हा चावटपणा होईल. चळवळीतही आपण कधीकधी असं करतो. पण पैसा आणि प्रतिष्ठा असलेली घरं तेव्हा पुष्कळ होती. त्यांतल्या किती घरांनी परत आलेल्या मुलीला मागच्या खोलीत न ठेवता सन्मानानं जगू दिलं, ते मोजून बघा.

शकुंतलाबाईंबद्दल थोडं जास्त सांगते, कारण सईबाईंची कारकीर्द मला त्यांच्यापासून वेगळी काढता येत नाही. त्याही केंब्रिजला शिकल्या, जिनिव्हाला आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेत त्यांनी काम केलं. परत आल्यावर र. धों. कर्वे यांच्या बरोबरीनं संततिनियमनाचा प्रचार केला. त्या काळी हा शब्द चारचौघांत उच्चारणं म्हणजे शिव्या खाण्याची तयारी ठेवणं. पुढे त्या विधान परिषदेवर होत्या, १९६४ ते १९७० राज्यसभेवर होत्या. आणि १९३७ साली प्रभातच्या 'कुंकू'मध्ये त्यांनी काम केलं होतं. म्हाताऱ्या बापानं कोवळ्या मुलीशी लग्न केलं, तेव्हा त्या मुलीच्या बाजूनं उभी राहणारी म्हाताऱ्याची समाजसेविका लेक म्हणजे शकुंतलाबाई. मी समाजकार्याची पदवी घेतली तेव्हा मला हे कुणी सांगितलं नव्हतं. आमच्या पेशातली बाई पडद्यावर इतकी ताठ मानेनं वावरलेली मी त्यानंतर फारशी पाहिलेली नाही.

मुलगी आकाशवाणीवर लागली, पुण्याला मुलांचे कार्यक्रम करू लागली. मग दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात शिकून १९६३ साली बाहेर पडली. तिथे तेव्हा इब्राहिम अल्काझी संचालक होते. त्यांचा जन्म पुण्याचा, पण वडील अरबस्तानातून व्यापारासाठी आलेले. म्हणजे मराठी मुलखात वाढलेली, बाहेरून आलेल्या बापांची ही दोन मुलं दिल्लीत गुरु-शिष्या म्हणून भेटतात. आपल्याकडे 'बाहेरचे' या शब्दावर किती राजकारण होतं ते तुम्हाला माहीत आहे, म्हणून मुद्दाम सांगितलं.

त्यानंतर बरीच वर्षं दिल्ली दूरदर्शन. टेलिव्हिजन नवं होतं, पैसा नव्हता, आणि मला वाटतं म्हणूनच तिथे बाईला शिरकाव करता आला. सिनेमात तेव्हा दिग्दर्शिका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. जिथे अजून पुरुषांची गर्दी झालेली नसते तिथे बायकांना जागा मिळते आणि धंदा वाढला की त्यांना बाजूला सारतात, हा अनुभव आपल्याला विणकामापासून कॉम्प्युटरपर्यंत आहे. सईबाई बाजूला झाल्या नाहीत. १९७२ साली त्यांच्या 'द लिटल टी शॉप' या टेलिफिल्मला आशियाई प्रसारण संघाचं बक्षीस मिळालं, आणि त्याच वर्षी २ ऑक्टोबरला मुंबई दूरदर्शन सुरू झालं तेव्हा उद्घाटनाचा कार्यक्रम करायचं काम त्यांच्याकडे आलं. बाल चित्रपट संस्थेच्या त्या दोनदा अध्यक्ष होत्या. घरी स्वतःची दोन मुलं होती. नवऱ्यापासून त्याही वेगळ्या झाल्या, पण रंगभूमीवरचं दोघांचं काम आणि मैत्री टिकली.

मग सिनेमे. सगळे सांगत बसत नाही. पण 'स्पर्श'जवळ मला थांबायचं आहे. १९८० साली आलेल्या या सिनेमात अंध मुलांच्या शाळेचे मुख्याध्यापक स्वतः अंध आहेत आणि त्यांना दयेची चीड आहे. एक विधवा बाई शाळेत मदतीला येते, दोघांचं प्रेम जमतं, आणि त्याला संशय येतो की हे प्रेम आहे की त्याग? त्यात आमच्यासारख्या कार्यकर्त्यांना लागेल असं बरंच आहे. 'यांच्यासाठी आम्ही किती करतो' हे वाक्य आम्ही तोंडानं म्हणत नाही, पण चेहऱ्यावर असतं. वस्तीतल्या बायका तो चेहरा बरोबर वाचतात. या सिनेमाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाले, पण प्रेक्षकांपर्यंत पोचायला त्याला काही वर्षं लागली. ही रखडपट्टी आपल्या कामातही ओळखीची आहे. कौतुक लवकर होतं आणि पैसे उशिरा येतात.

'चश्मेबद्दूर' १९८१ चा. सगळ्यांना त्यातले तीन रिकामटेकडे मित्र आठवतात. मला आठवते ती दारोदार 'चमको' साबणाची पावडर विकणारी मुलगी. ती दार वाजवते, आत कोण आहे माहीत नाही, तरी बादली मागून कपडा धुऊन दाखवते. आपल्यातल्या चार जणी असंच सामान विकतात. त्यांना विचारा, अनोळखी दारापुढे उभं राहताना पोटात काय होतं. सिनेमा विनोदी आहे, तो ही भीती दाखवत नाही. ही मला त्यातली उणीव वाटते. पण फिरती विक्रेती नायिका होऊ शकते हे तरी त्यानं दाखवलं.

'कथा' १९८३ ची, मुंबईच्या चाळीतली. त्यात एका गोडबोल्या माणसाकडून फसलेली मुलगी, तिच्यावर मुकाट्यानं प्रेम करणाऱ्या शेजाऱ्याला सगळं खरं सांगते, आणि तरीही तो लग्नाला तयार असतो. एका वस्तीत आम्ही 'कथा' दाखवली तेव्हा एक आजी म्हणाल्या, "ह्यो काय उपकार करतो का? चूक त्या दुसऱ्याची." मला आजींचं म्हणणं सिनेमापेक्षा पुढचं वाटलं.

आता त्यांच्या कामांची नावंच बघा. दूरदर्शनवर 'अडोस पडोस' मालिका, रंगभूमीवर 'सख्खे शेजारी' नाटक, आणि 'कथा'त चाळ. ही बाई पुन्हा पुन्हा शेजाराकडे वळते. रक्ताच्या नात्याच्या, सासू-सुनांच्या गोष्टी सांगणारे आपल्याकडे ढिगानं आहेत. नातं नसताना एकाच जिन्यावर राहणाऱ्या माणसांच्या गोष्टी तिनं सांगितल्या. ती लहानपणी दुसऱ्या देशात राहिली, अर्ध्या रशियन रक्ताची, बापाचं घर नसलेली, पुणं-दिल्ली-मुंबई फिरलेली. अशा माणसाला शेजाराची किंमत कळते, असं मी मानते. हा माझा तर्क आहे, त्यांनी असं म्हटलंय असं नाही. पण तुम्हीच सांगा, तळोज्यात रात्री दोन वाजता मूल तापानं फणफणलं तर बीडचा भाऊ येतो का? शेजारची बंगाली बाई येते. मार खाल्लेल्या बाईला पहिल्यांदा दार कोण उघडतं? पोलीस आणि आम्ही कार्यकर्त्या सकाळी पोचतो.

आणि 'दिशा', १९९० चा. दुष्काळी गावातून गिरणीत कामाला मुंबईला येणाऱ्या पुरुषांची ही गोष्ट आहे. एका गाळ्यात कितीतरी पुरुष दाटीवाटीनं राहतात. अशा पुरुषांना गिरणगावात जेवण घालणाऱ्या खानावळवाल्या बायकांना संघटित करून प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, हे इथे जोडून लक्षात ठेवा. म्हणजे पुरुषांच्या स्थलांतराच्या मागे शहरात बायकांचं काम होतंच, ते हिशेबात धरलं जात नव्हतं. 'दिशा' आला तेव्हा १९८२ च्या गिरणी संपाला आठ वर्षं झाली होती, हजारो कामगार देशोधडीला लागले होते. त्यातल्याच काहींसाठी २०१६ साली आपल्या पनवेलजवळ कोनला घरांची सोडत निघाली. गिरणगावातून इथपर्यंत ही रेघ येते.

पण 'दिशा'त गाव सुटत नाही. तिथे एक माणूस वर्षानुवर्षं विहीर खणतोय, लोक त्याला वेडा म्हणतात. आणि मागे राहिलेल्या बायका विड्या वळायला जातात. हातात पैसा येतो आणि गावाची नजर बदलते. मागच्या महिन्यात एका गटात आम्ही हा सिनेमा दाखवला, तेव्हा याच भागावर वाद पेटला. एक ताई म्हणाल्या, "नवरा मुंबईला गेला तर तो कमवायला गेला म्हणतात. बाई फॅक्टरीत गेली तर ती बिघडली म्हणतात." दुसरीनं सांगितलं, की त्या स्वतः पॅकिंगला लागल्यापासून गावाकडच्या दिरानं नवऱ्याला दर आठवड्याला फोन करून हेच भरवलं. तिसरी मात्र म्हणाली, "आमच्या वेळी बाया मागं राहायच्या, आता आपणच निघून आलो." ही तिसरी जे बोलली त्यावर मला अजून काम करायचं आहे. १९९० च्या सिनेमात गाडीत पुरुष चढतो. आज कितीतरी बायका मुलांना घेऊन एकट्या चढतात. त्यांच्यावर सिनेमा कुणी केलाय?

सुमित्रा भावे यांचं नाव इथे घेतलंच पाहिजे. त्याही समाजकार्य शिकलेल्या आणि शिकवणाऱ्या, १९८५ साली त्यांनी झोपडपट्टीतल्या बाईवर 'बाई' हा लघुपट केला. आमच्या पेशातून कॅमेऱ्याकडे गेलेल्या त्या बाई. पण त्यांच्यावर वेगळं बोलावं लागेल.

शेवटी पुन्हा आडनावाकडे येते, कारण चहाच्या वेळी तीन जणींनी तेच विचारलं. आईचं नाव लावून सई परांजपे यांना २००६ साली पद्मभूषण मिळालं, आईला १९९१ साली मिळालं होतं. आपल्या मुलांना मात्र पहिलीच्या वर्गात अडवतात. इथल्याच एका शाळेत आपल्या एका मैत्रिणीला वडिलांचं आधारकार्ड आणल्याशिवाय अर्ज घेणार नाही, असं सांगितलं गेलं. त्यासाठी तीन गोष्टी तुमच्या कानावर असू द्या. १९९९ साली गीता हरिहरन यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की वडील प्रत्यक्षात मुलाकडे बघत नसतील तर आईही नैसर्गिक पालक असते. २०१५ साली त्याच न्यायालयानं अविवाहित आईला बापाचं नाव न सांगता पालकत्व मागता येतं, हे मान्य केलं. आणि २०२४ साली महाराष्ट्र सरकारनं ठराविक तारखेनंतर जन्मलेल्या मुलांसाठी ठरवलं, की कागदोपत्री मुलाचं नाव, मग आईचं नाव, मग वडिलांचं नाव आणि आडनाव असा क्रम असेल. आईला मधली जागा मिळाली, आडनाव अजून बहुतेक बापाचंच राहणार. शाळेनं अर्ज नाकारला तर नकार लेखी मागा, अर्जाची पोच घ्या, आणि एकट्या जाऊ नका. शेजारणीला बरोबर घेऊन जा.

गीता हरिहरन यांच्या निकालाची मराठीतली एक पानी माहिती आम्ही छापून आणली आहे, ती दारापाशी ठेवली आहे. जेवण झाल्यावर पडदा याच भिंतीवर लावू. त्या विहिरीला पाणी लागतं की नाही ते मी सांगत नाही.