'साडेएक' न म्हणणारं घड्याळ

इथं डोईफोडियात आमच्या गल्लीतल्या आजींना दिसत नाही. वेळ विचारायलाही कुणाची वाट पाहावी लागे. म्हणून आम्ही आर्डुइनोवर बोलतं घड्याळ जुळवलं. वेळ राखते डीएस३२३१ चिप. तिला छोटा सेल असतो, वीज गेली तरी ती चालूच.

खरी अडचण मराठीची! सुटे शब्द जोडले तर घड्याळ 'साडेएक', 'साडेदोन' म्हणणार. आजींनी ते उंबऱ्याबाहेरच ठेवलं असतं. आपलं दीड, अडीच, पाऊण. शिवाय दीड 'वाजला', अडीच 'वाजले'. शेवटी पाव-पाव तासाची अख्खी ४८ वाक्यं काकूंच्या आवाजात मेमरी कार्डावर भरली. बटण दाबलं की नुकत्याच होऊन गेलेल्या पाव तासाचं वाक्य ऐकू येतं.

आता औषधाची वेळ झाली की आजीच आम्हाला हाक मारतात.