ससा घरात, पण घाण एका कोपऱ्यात
(प्रभागसंघाच्या मासिक बैठकीत पशुसखीने केलेलं भाषण)



शेळ्या-कोंबड्यांवर आपण नेहमीच बोलतो. आज सशावर बोलायला उभी राहिले, कारण हल्ली बऱ्याच घरी ओसरीवर पिंजरा दिसतो. पोरांनी हट्ट करून बाजारातून जोडी आणलेली असते. पहिले आठ दिवस पोरं सशाला खाली ठेवत नाहीत. नवव्या दिवसापासून पिंजरा कुणाचा? तुमचा. झाडायचा तुम्ही, धुवायचा तुम्ही, आणि वास येतो म्हणून बोलणीही तुम्हीच खायची. मग कंटाळून पिंजरा जातो गोठ्यामागं. तिथं आठवड्यातून एकदा कुणीतरी डोकावतं. पावसाळ्यात असा ससा एक-दोन दिवसांत जातो. कसा, ते पुढं सांगते.

आपल्या माळावर पळतो तो ससा आणि पिंजऱ्यातला ससा वेगळे. माळावरचा गवतात दबून बसतो, बीळ करत नाही. (त्याला धरून आणणं 1972 च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे, पोरांना तो नाद लागू देऊ नका.) पिंजऱ्यातला ससा मूळचा युरोपातला, स्पेन-पोर्तुगालकडचा, जमिनीत बिळं करून कळपानं राहणारा. झोपायच्या जागेत घाण नको म्हणून तो लेंड्या टाकायच्या जागा ठरवून ठेवतो. ही सवय त्याच्या रक्तातच आहे. आपल्याला ती लावायची नाही, फक्त ओळखायची आहे.

म्हणून नवा ससा आणला की दोन-तीन दिवस काही करू नका, नुसतं बघा. तो कुठल्या कोपऱ्यात मुततो? बहुतेक ससे एकच कोपरा धरतात. भांडं त्याच कोपऱ्यात ठेवायचं. आपल्याला सोयीचा कोपरा निवडला तर ससा ऐकत नाही, आणि मग म्हणतो आपण, "याला अक्कलच नाही."

भांडं विकत आणायची गरज नाही. तेलाचा प्लास्टिकचा डबा आडवा कापला तरी चालतो. पुढची बाजू बुटकी ठेवा म्हणजे उडी न मारता आत जाता येईल, आणि कापलेल्या कडा नीट घासून घ्या, पाय कापतो. ससा मावून वर वळायला जागा हवी. तळाला जुन्या वर्तमानपत्राचे चार-पाच थर, त्यावर कोरडं गवत. सुतारकामाचा बारीक भुसा नको, ती धूळ नाकात जाते.

आता खरी युक्ती. ससा खाता खाता लेंड्या टाकतो. तेव्हा वाळलेलं गवत भांड्याच्या वरच बांधा, असं की भांड्यात बसल्याशिवाय तोंड पोचणार नाही. बाहेर पडलेल्या लेंड्या उचलून भांड्यात टाका, मूत कागदानं टिपून तो कागदही भांड्यात ठेवा. वासानं त्याला जागा कळते. बाहेरची जागा मात्र अर्धं पाणी, अर्धं व्हिनेगर करून पुसा, नाहीतर तिथंही वास राहतो. ओरडायचं नाही, मारायचं नाही. ससा भित्रा जीव आहे. घाबरला तर भांड्यात शिरायचाच बंद होईल.

मूत बहुतेक वेळा लवकर कोपऱ्यात जातं, लेंड्या थोड्याफार इकडंतिकडं पडतातच. त्या कोरड्या असतात, झाडून निघतात. साडेतीन-चार महिन्यांनंतर नर वयात येतो आणि मुताचे फवारे मारायला लागतो. तो बिघडला असं समजू नका. खच्चीकरण केल्यावर हे पुष्कळ कमी होतं, पण ते सशांची माहिती असलेल्या डॉक्टरकडूनच करून घ्या. तोवर नर-मादी वेगळे ठेवा. मादी साधारण 31 दिवसांत विते, आणि जोडी एकत्र राहिली तर तुमचा एक पिंजरा बघता बघता चार होतो.

रोजचं काम किती? भांड्यातला ओला कागद-गवत काढायचं, नवं घालायचं, पाण्याचं भांडं विसळायचं. दहा मिनिटं. आठवड्यातून एकदा ससा बाहेर काढून पिंजरा धुवा आणि उन्हात पूर्ण वाळवा. मुताचा पांढरा थर बसतो, तो खरवडू नका, व्हिनेगर ओतून थोडा वेळ ठेवला की सुटतो. उग्र फिनेल शक्यतो टाळा. धुतल्यावर नव्या गवतावर चार जुन्या लेंड्या टाका, नाहीतर आपली जागा त्याला ओळखू येत नाही. तळाला जाळी असेल तर एक गुळगुळीत फळी टाका. सशाच्या तळपायाला गादी नसते, नुसती केसाळ कातडी असते, जाळीवर बसून जखमा होतात. आणि बाहेर काढताना कान धरून उचलू नका. एक हात छातीखाली, एक ढुंगणाखाली. मागचे पाय मोकळे राहिले आणि त्यानं लाथ झाडली तर पाठीचा मणका मोडतो.

आता पावसाळ्याचं. ओल्या गवतात बसून सशाचं मागचं अंग मुतानं, पातळ शेणानं भिजतं. त्या वासावर माशी येते, केसांत अंडी घालते. काही तासांत आळ्या होतात आणि जिवंत कातडी खातात. ससा ओरडत नाही, नुसता कोपऱ्यात बसून राहतो. लक्षात येईपर्यंत वेळ गेलेली असते. म्हणून पावसाळ्यात दिवसातून दोनदा शेपटी वर करून बघा. आळ्या दिसल्या तर उद्यावर टाकू नका, त्याच दिवशी दवाखाना. आणि एक लिहून ठेवा: कुत्र्याच्या गोचिडांचं फिप्रोनिल सशाला विष आहे. घरात आहे म्हणून फवारू नका. ढुंगण वारंवार भरत असेल तर ओला पाला, भाकरी, गाजर कमी करून वाळलेलं गवत वाढवा. सशानं गाजरच खायचं हे चित्रातलं आहे.

भांडं साफ करताना नजर लेंड्यांवर हवी. गोल, कोरड्या, सारख्या आकाराच्या असतील तर ससा ठीक. बारीक झाल्या, कमी झाल्या तर पोटाची गडबड. अर्धा दिवस लेंडीच नाही आणि खाणंही बंद, तर थांबू नका. कधी मऊ, चकचकीत, द्राक्षाच्या घडासारख्या लेंड्या दिसतील. त्या ससा स्वतःच खातो, बहुधा रात्री किंवा पहाटे. घाण वाटून हाकलू नका, त्यातून त्याला प्रथिनं आणि ब जीवनसत्त्व मिळतं. मूत लालसर दिसलं तरी लगेच घाबरू नका, चाऱ्याच्या रंगानंही होतं. पण मुतताना जोर करत असेल किंवा लाल धार टिकली तर दाखवून घ्या.

नाकावर, कानात, पायांवर पांढरट खपल्या दिसल्या तर खरूज असू शकते. गोल चट्टे पडून केस गेले तर गजकर्ण, आणि तो पोरांना लागतो. पिंजरा साफ केल्यावर साबणानं हात धुणं पोरांना सक्तीचं करा. हो, साफ पोरांनीच करायचं. ज्यानं हट्ट केला त्यानं रोजचं भांडं बघायचं, मुलगा असो की मुलगी. आठवड्याची धुलाई तुमच्याकडं आली तरी ती मालकांना मदतीला घेऊन करा.

लेंड्या उकिरड्यावर टाकू नका. शेळीच्या लेंड्यांसारख्याच त्या थेट परसबागेत वांग्या-मिरचीच्या बुडाशी घालता येतात, गांडूळखतातही जातात.

ज्यांचा ससा कोपरा बदलत राहतो त्यांनी पिंजऱ्याचा फोटो मोबाईलवर घेऊन पुढच्या बैठकीला या. भांडं कुठं आणि गवत कुठं, एवढं दिसलं तरी पुष्कळ कळतं.