यांगत्सीकाठचा अध्यापक

परदेशी जाऊन सेवाबुद्धीने इंग्रजी शिकवणारे तरुण पुष्कळ आहेत. परंतु १९९६ साली अमेरिकी सरकारच्या ‘पीस कोअर’ या स्वयंसेवक-खात्यामार्फत यांगत्सी आणि वू या नद्यांच्या संगमावरील फुलिंग या चिनी नगरात दाखल झालेल्या पीटर हेसलर यांचे उदाहरण मला विशेष मननीय वाटते.

तेथील अध्यापक-महाविद्यालयात, बहुतांशी शेतकऱ्यांच्या घरांतून आलेल्या विद्यार्थ्यांना शेक्सपिअर शिकवीत असतानाच हे गृहस्थ स्वतः चिनी भाषेचे धडे नेटाने गिरवीत होते, आणि ती भाषा जसजशी जिभेवर रुळली तसतशी चहाघरातील व बाजारातील माणसे त्यांच्याशी मोकळेपणाने बोलू लागली.

त्या काळी फुलिंगजवळ यांगत्सीच्या पात्रात ‘श्वेत क्रौंच’ या नावाचा एक लांबट खडक होता. हिवाळ्यात पाणी ओसरले म्हणजे तो उघडा पडे, आणि तांग राजवटीपासून त्यावर कोरलेल्या मत्स्याकृतींवरून व लेखांवरून शतकानुशतकांच्या जलपातळीचा जणू सरकारी दप्तरासारखा दाखला मिळे. पुढे ‘थ्री गॉर्जेस’ धरणाच्या जलाशयात तो कायमचा बुडाला, आणि २००९ पासून पाण्याखालील संग्रहालयात जतन झाला आहे.

फुलिंगमधील या वास्तव्यावरील हेसलर यांचा ‘रिव्हर टाउन’ हा ग्रंथ २००१ साली प्रसिद्ध झाला. असे अध्यापन करू इच्छिणाऱ्या तरुण श्रोत्यांनी तो अवश्य वाचावा, आणि प्रस्थानापूर्वीच त्या देशाच्या भाषेचा अभ्यास आरंभावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.