शेवटची गाडी दिसेपर्यंत थांबायचं

(स्नेहमेळाव्याच्या दुपारच्या सत्रात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला सांगितलं, "तुम्ही पाच जण या वयात मोटारसायकली घेऊन डोंगरात काय करता, ते दहा मिनिटांत सांग." 'या वयात' हे शब्द त्यांचे, माझे नव्हेत.

आमच्या पाच जणांत एक डॉक्टर आहे, एक द्राक्षबागायतदार, एक गॅरेजवाला, बँकेत नोकरी करणारी आपली वर्गभगिनी आणि मी. चौघांकडे रॉयल एन्फील्डची हिमालयन आहे आणि बागायतदाराकडे ट्रायम्फची टायगर. हिमालयन पेट्रोलसकट साधारण २०० किलोची. तंबू, कपडे, हत्यारं बांधली की सव्वादोनशेच्या पुढे जाते. टायगर त्याहून जड. डांबरी रस्त्यावर हे वजन जाणवत नाही, उलट गाडी जमिनीला धरून चालते. पण डांबर संपून गोटे, वाळू, चिखल सुरू झाला की तेच वजन आपल्या अंगावर येतं.

आणि गाडी पडते. कितीही तरबेज माणूस असो, अशा वाटेवर कधी ना कधी ती आडवी होतेच. म्हणून पहिला धडा गाडी चालवण्याचा नसतो, उचलण्याचा असतो. आधी इंजिन बंद. गाडी उजव्या अंगावर पडली असेल तर साइड स्टँड आधीच बाहेर काढून ठेवायचा, नाहीतर उचललेली गाडी पलीकडे पडते. मग गाडीकडे पाठ करून खाली बसायचं, एका हाताने हँडल, दुसऱ्या हाताने मागचा कॅरिअर धरायचा आणि पाठीने नाही, तर पायांच्या जोरावर मागे मागे सरकत उभं राहायचं. असं दिवसातून एकदा सहज जमतं. तिसऱ्यांदा कंबर बोलायला लागते. चौथ्यांदा मित्र लागतो. पंधरा हजार फुटांवर मात्र मित्र पहिल्यांदाच लागतो.

सराव आम्ही आपल्याच भागात केला, दोन पावसाळे. काळ्या मातीचा चिखल चाक आणि मडगार्डच्या मध्ये असा भरतो की चाक फिरायचंच थांबतं, काठीने उकरून काढावा लागतो. कोकणात उतरलं की जांभ्याच्या कातळावरचं शेवाळ. तिथे पुढचा ब्रेक नुसता धरला तरी गाडी आडवी. हळूहळू अंगात मुरलं: फूटरेस्टवर उभं राहायचं, गुडघ्यांनी टाकी धरायची, हात सैल ठेवायचे, गाडीला खाली हवी तशी हलू द्यायची. आणि नजर लांब. समोरच्या दगडाकडे बघाल तर नेमके त्याच दगडावर जाल. पी.टी.च्या तासाला सर ओरडायचे, "नजर समोर!" त्याचा उपयोग मला असा झाला, सर.

मग ठरलं स्पितीला जायचं. हिमाचलात मनालीहून कुंझूम खिंड ओलांडून स्पितीत उतरता येतं, वाट जवळची आहे. पण मनाली २,००० मीटरच्या आसपास आणि कुंझूम ४,५५१ मीटर. एका दिवसात इतकं चढलं की शरीराला जुळवून घ्यायला वेळच मिळत नाही. म्हणून डॉक्टरने लांबची वाट धरायला लावली. सिमला, किन्नौर, नाको, काझा असं टप्प्याटप्प्याने चढायचं, कुंझूम शेवटी ओलांडायची आणि मनालीला उतरायचं.

निघण्याआधी माझ्या ओसरीवर बसून आम्ही तीन नियम केले. पहिला, वाट फुटते तिथे मागची गाडी दिसेपर्यंत पुढच्याने थांबायचं. त्याच्या मागच्यासाठी त्याने थांबायचं. दुसरा, सगळ्यात चांगलं चालवणारा सगळ्यात शेवटी राहील, कारण अडचण मागे येते आणि मदतही मागूनच मिळायला हवी. आमच्यात ती जागा वर्गभगिनीची. तिसरा, आजारी पडलेल्याने स्वतःचा निर्णय स्वतः घ्यायचा नाही. उंचीवर आधी डोकं दुखतं आणि नंतर विचारही नीट चालत नाही, म्हणून त्याचा निर्णय इतरांनी घ्यायचा.

हा तिसरा नियम करताना आम्ही हसलो होतो. काझ्यात तो कामाला आला.

आजारी पडला तो बागायतदार. आपल्या कबड्डी संघाचा कप्तान, आजही आमच्यातला सगळ्यात दणकट गडी. पण उंचीचा त्रास दंडाची ताकद बघत नाही, कुणालाही होतो. काझा ३,६०० मीटरच्या वर. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचं डोकं ठणकत होतं, अन्न जाईना, उलट्या झाल्या. एक दिवस विश्रांती घेतली. तिसऱ्या दिवशी सकाळी तेच.

आकाश निरभ्र होतं. गाड्या बांधून तयार होत्या. कुंझूम पाऊणशे किलोमीटरवर. दोन वर्षं आम्ही त्या खिंडीचंच बोलत होतो आणि सहलीची सगळी आखणीही त्याचीच होती. तो म्हणाला, "तुम्ही गाड्या काढा, मी जीपने मागनं येतो." डॉक्टर म्हणाला, "जीपसुद्धा त्याच खिंडीतून जाते. त्रास होत असताना आणखी चढलं तर फुफ्फुसात पाणी होऊ शकतं, मेंदूला सूज येऊ शकते. आता फक्त उतरायचं." मग गॅरेजवाल्याने हिशोब मांडला की एकाने याच्याबरोबर खाली जावं, तिघांनी खिंड पार करावी, सगळ्यांची रजा वाया कशाला घालवायची?

मित्रहो, हा हिशोब चुकीचा नव्हता. डॉक्टर सोबत गेला असता तर पुरेसं होतं. थोडा वेळ कुणीच काही बोललं नाही. मग वर्गभगिनी उठली आणि तिने आपल्या गाडीचं तोंड खालच्या वाटेकडे वळवलं. म्हणाली, "मी शेवटची आहे. शेवटचा माणूस जिकडे जाईल तिकडे मी." त्यानंतर चर्चा झाली नाही. टायगर पिकअपमध्ये चढवली, कप्तानाला जीपमध्ये बसवलं आणि आम्ही सगळे खाली ताबोला आलो.

ताबो ३,३०० मीटरच्या आत. संध्याकाळपर्यंत त्याचं डोकं उतरलं आणि रात्री तो वरणभात जेवला. दुसऱ्या दिवशी तिथला मठ बघितला. इ. स. ९९६ मध्ये स्थापन झालेला, मातीच्या भिंतींचा, आत जुनी भित्तिचित्रं. जाताना आम्ही तो फटफटत ओलांडून गेलो होतो. आता दोन तास आत बसलो. कप्तान बराच वेळ गप्प होता. शेवटी म्हणाला, "कबड्डीत मी बाद झालो की तुम्ही खेळत राहायचात."

पुढच्या वर्षी पुन्हा निघालो. या वेळी ताबोला दोन मुक्काम जास्त केले. कुंझूमवर देवीचं मंदिर आहे, येणारी-जाणारी वाहनं त्याला प्रदक्षिणा घालून पुढे जातात. पाचही गाड्यांनी घातली. पलीकडे बाताल ते ग्रांफू या वाटेला रस्ता म्हणणं धाडसाचं आहे. मोठमोठे गोटे, फुफाटा आणि मधूनमधून वाट कापत जाणारे बर्फाच्या पाण्याचे नाले. उन्हाने बर्फ वितळतं म्हणून दुपारनंतर पाणी चढतं, नाले सकाळीच ओलांडायचे. आधी एकाने काठी घेऊन चालत जायचं, मग गाडी घालायची. एका नाल्यात टायगर दोन दगडांच्या मध्ये अडकली. गुडघाभर गारेगार पाण्यात चौघे उतरलो, कप्तान हँडलवर. पाय बधिर झाले, पण गाडी निघाली.

त्या वाटेच्या कडेने वाहते ती चंद्रा नदी. खाली तांदीला तिला भागा मिळते आणि पुढे ती चंद्रभागा होते. तिलाच चिनाब म्हणतात. पंढरपूरला भीमेला चंद्रभागा म्हणणारे आपण. हे कळल्यावर गॅरेजवाल्याने काठावर वाकून पाणी डोळ्यांना लावलं.

मोटारसायकल प्रत्येकाने घ्यावी असं मी म्हणत नाही. गुडघे ज्याचे त्याने बघावेत. पण आमचा पहिला नियम या मेळाव्यालाही लागू आहे असं मला वाटतं. आज आपण इतके जण जमलो, पण वर्गातले काही जण आलेले नाहीत. काहींना जमलं नाही, काहींना वाटलं असेल की आपण मागे पडलो, तिथे जाऊन काय सांगायचं. काहींचा तर पत्ताच लागलेला नाही. दाराजवळच्या टेबलावर एक वही ठेवली आहे, तिच्यात त्यांची नावं आहेत. चहाला उठाल तेव्हा प्रत्येकाने एकेक नाव आपल्याकडे घ्या. फोन लावा, गावात विचारा, जमलं तर घरी जाऊन या. पुढच्या मेळाव्याची तारीख त्यानंतर ठरवू.